एरर नेमकी कोणाची? आयडीईशिवाय टर्मिनलवरून प्रोजेक्ट कंपाइल करताना

आयडीईमधलं (कोड लिहायचं, कंपाइल करायचं आणि चालवायचं एकत्रित सॉफ्टवेअर) हिरवं बटण दाबलं की प्रोग्रॅम चालतो. मग एक दिवस कुणीतरी सोर्स कोडचं फोल्डर हातात देतं आणि त्यात आयडीईची प्रोजेक्ट फाइलच नसते. किंवा काम अशा सर्व्हरवर करायचं असतं जिथे खिडक्या नाहीत, बटणं नाहीत, फक्त लुकलुकणारा कर्सर. इथे बरेच जण अडतात. लागणाऱ्या कमांड दहा-बाराच आहेत, त्या दोन दिवसांत हाताला बसतात. अडायला होतं ते एरर आल्यावर, कारण ती कोणाकडून आली हेच कळत नाही. त्या बटणामागे एकच प्रोग्रॅम नसतो. शेल, प्रीप्रोसेसर, कंपाइलर, असेंब्लर, लिंकर, मेक आणि शेवटी लोडर अशी रांग असते, आणि प्रत्येक जण आपापल्या पद्धतीने तक्रार करतो. तक्रार कोणाची हे ओळखता आलं की अर्धं काम झालं. म्हणून या लेखात प्रत्येक पायरीवर कमांडसोबत हेही सांगितलंय की इथे कोण बोलतं आणि काय बोलतं.

एक सूचना आधीच. कमांड आणि फाइलची नावं मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलमध्ये ती रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाइप करायची. जिथे मोठं अक्षर लागतं तिथे तसं सांगितलं आहे, आणि ते अगदी काटेकोर पाळायचं. उदाहरणं सी भाषेची घेतली आहेत, कारण तिच्यात सगळ्या पायऱ्या उघड्या दिसतात. शेवटाकडे जावा आणि इतर भाषांकडेही वळू.

पायरी पहिली: हत्यारं आहेत का ते पाहणं

टर्मिनल उघडा आणि टाइप करा:

    जीसीसी --व्हर्जन

आवृत्तीचा आकडा आला तर कंपाइलर आहे. «कमांड नॉट फाउंड» आलं तर ही तक्रार शेलची, म्हणजे टर्मिनलमध्ये टाइप केलेल्या कमांड वाचून चालवणाऱ्या प्रोग्रॅमची आहे. कंपाइलर अजून मधे आलेलाच नाही. शेल पाथ नावाच्या यादीतली फोल्डरं एकामागून एक धुंडाळतो आणि त्यांत तो प्रोग्रॅम सापडला नाही की असं म्हणतो. म्हणजे एक तर प्रोग्रॅम बसवलेला नाही, किंवा बसवलाय पण त्याचं फोल्डर यादीत नाही. आयडीई पुष्कळदा स्वतःचा कंपाइलर स्वतःच्या फोल्डरात ठेवतो आणि यादीला हात लावत नाही, त्यामुळे «आयडीईत चालतं, इथे नाही» हा प्रकार होतो.

डेबियन किंवा उबुंटूवर एकाच पॅकेजात कंपाइलर, लिंकर आणि मेक तिन्ही येतात (सुडो म्हणजे पुढची कमांड ॲडमिनच्या अधिकारात चालव):

    सुडो ॲप्ट इन्स्टॉल बिल्ड-एसेन्शियल

फेडोरावर डीएनएफने जीसीसी आणि मेक ही दोन नावं देऊन बसवा. मॅकवर अख्खं एक्सकोड उतरवायची गरज नाही, «एक्सकोड-सिलेक्ट --इन्स्टॉल» एवढी कमांड पुरते. मॅकवर जीसीसी टाइप केलं तरी उत्तर देतो तो क्लँग नावाचा दुसरा कंपाइलर, त्यामुळे आवृत्तीच्या ओळीत वेगळं नाव दिसलं तर घाबरू नका. सुरुवातीच्या गरजेचे पर्याय दोन्हीकडे सारखेच आहेत. विंडोजवर दोन वाटा आहेत: डब्ल्यूएसएल बसवून आत लिनक्स वापरणं, किंवा मायक्रोसॉफ्टची नुसती बिल्ड टूल्स घेऊन त्यांच्याबरोबर येणारा डेव्हलपर कमांड प्रॉम्प्ट उघडणं. तिथे कंपाइलरचं नाव सीएल. साध्या कमांड प्रॉम्प्टमध्ये सीएल सापडत नाही, कारण पाथ आणि इतर व्हेरिएबल तो खास प्रॉम्प्टच मांडून ठेवतो. हा लेख वाचून शिकायचं असेल तर डब्ल्यूएसएल घ्या.

पायरी दुसरी: एक फाइल

मेन.सी नावाची छोटी फाइल कुठल्याही साध्या एडिटरमध्ये लिहा. सीडीने त्या फोल्डरात जा, एलएस करून फाइल खरंच तिथे आहे याची खात्री करा. नवख्यांच्या पहिल्या दिवसाच्या निम्म्या अडचणी चुकीच्या फोल्डरात उभं राहिल्यामुळे असतात. मग:

    जीसीसी मेन.सी

काहीच छापलं नाही? उत्तम. या जगात शांतता म्हणजे यश. खात्री हवी असेल तर लगेच «इको $?» करा. शून्य आलं तर मागची कमांड यशस्वी झाली, दुसरा कुठलाही आकडा म्हणजे बिनसलं.

फोल्डरात आता ए.आउट नावाची फाइल दिसेल. हे नाव युनिक्सच्या अगदी सुरुवातीच्या दिवसांतलं आहे, अर्थ असेंब्लर आउटपुट. ती चालवताना नावापुढे टिंब आणि तिरकी रेघ द्यावी लागते, कारण शेल चालू फोल्डरात आपणहून शोधत नाही:

    ./ए.आउट

हवं ते नाव द्यायचं तर -ओ हा पर्याय:

    जीसीसी मेन.सी -ओ मेन

या -ओ बाबतीत कळकळीने सांगतो: त्याच्या लगेच पुढे जे नाव येईल त्यावर कंपाइलर लिहितो. घाईत «जीसीसी -ओ *.सी» असं टाइप केलं की शेल तारका उलगडून सगळ्या फाइलींची नावं मांडतो, त्यातलं पहिलं नाव -ओच्या वाट्याला येतं आणि तुमची सोर्स फाइल पुसली जाऊ शकते. माझी एक दुपारभर लिहिलेली फाइल अशीच गेली. तेव्हापासून पहिल्यांदा कंपाइल करण्याआधी फोल्डर गिटमध्ये (फाइलींच्या जुन्या आवृत्त्या जपून ठेवणारं हत्यार) टाकतो. तुम्हीही टाका.

दुसरा सापळा म्हणजे लहान ओ आणि मोठा ओ. मोठ्या ओपुढे दोनचा आकडा दिला तर कंपाइलर कोड वेगवान करायला घेतो. लहान ओपुढे दोन दिला तर तो मुकाट्याने «२» नावाची फाइल बनवून मोकळा होतो आणि कसलीही तक्रार करत नाही.

पायरी तिसरी: कंपाइलरचं म्हणणं पूर्ण ऐकणं

कंपाइलर आपणहून फार कमी बोलतो. त्याला बोलतं करायचे दोन पर्याय आहेत: आडव्या रेघेनंतर मोठा डब्ल्यू आणि त्याला जोडून लहान अक्षरांत ऑल, आणि तसाच डब्ल्यूएक्स्ट्रा.

    जीसीसी -डब्ल्यूऑल -डब्ल्यूएक्स्ट्रा -जी मेन.सी -ओ मेन

नावात ऑल असलं तरी त्यात सगळ्या वॉर्निंग येत नाहीत, म्हणून एक्स्ट्रा. -जी मुळे डीबगरला लागणारी माहिती फाइलमध्ये राहते. शिकताना हे तिन्ही कायम लावून ठेवा. सुरुवातीची किंमत न दिलेलं व्हेरिएबल, तुलनेच्या जागी एकच बरोबर चिन्ह, प्रिंटएफमधल्या न जुळणाऱ्या खुणा, या सगळ्या चुका प्रोग्रॅम चालवण्याआधीच तो दाखवून देतो.

कंपाइलरची तक्रार ओळखायला सोपी असते. फाइलचं नाव, ओळ क्रमांक, स्तंभ क्रमांक, मग एरर किंवा वॉर्निंग हा शब्द, मग मजकूर. नियम एकच आणि तो मोडायचा नाही: पहिली एरर आधी. एक अर्धविराम सुटला की कंपाइलर वाट चुकतो आणि पुढच्या अगदी बरोबर ओळींवरही वीस तक्रारी करतो. पहिली सुधारा, पुन्हा कंपाइल करा, उरलेल्यांपैकी बहुतेक आपोआप जातात. दाखवलेल्या ओळीवर काहीच चूक दिसत नसेल तर तिच्या वरची ओळ पाहा, कारण कंपाइलर जिथे गोंधळला ती जागा सांगतो, चूक त्याआधी झालेली असू शकते.

टर्मिनल मात्र शेवटच्या ओळी समोर ठेवतं आणि पहिल्या वर पळून जातात. त्यासाठी डब्ल्यूफेटल-एरर्स हा पर्याय लावा, तोही मोठ्या डब्ल्यूने सुरू होतो. कंपाइलर पहिल्याच एररला थांबतो. किंवा सगळं आउटपुट हेडला, म्हणजे फक्त सुरुवातीच्या ओळी दाखवणाऱ्या कमांडला द्या:

    जीसीसी -डब्ल्यूऑल मेन.सी २>&१ | हेड

इथला २>&१ हा तुकडा गरजेचा आहे. एरर वेगळ्या वाटेने येतात, त्याशिवाय त्या हेडपर्यंत पोहोचतच नाहीत. या तुकड्यातले आकडे टाइप करताना नेहमीचे, इंग्रजी आकडेच वापरा.

पायरी चौथी: चार टप्पे उघडून पाहणं

इथे घाई करू नका. पुढची सगळी समज या अर्ध्या तासावर उभी आहे.

जीसीसी ही खरं तर मुकादमासारखी कमांड आहे, ती चार कामं चौघांकडून करून घेते. प्रीप्रोसेसर हेडर फाइलींचा मजकूर आणून चिकटवतो आणि मॅक्रो उलगडतो. कंपाइलर त्या मजकुरातून असेंब्ली, म्हणजे मशिनच्या सूचनांचं वाचता येणारं रूप, बनवतो. असेंब्लर त्याची ऑब्जेक्ट फाइल करतो. लिंकर सगळ्या ऑब्जेक्ट फाइली आणि लायब्रऱ्या जोडून चालवता येणारा प्रोग्रॅम तयार करतो. मधल्या फाइली पाहायच्या असतील तर:

    जीसीसी -सेव्ह-टेम्प्स मेन.सी -ओ मेन

आता फोल्डरात शेवटी आय, एस आणि ओ ही अक्षरं असलेल्या तीन जास्तीच्या फाइली दिसतील. आय असलेली उघडा. तुमचा सहा ओळींचा प्रोग्रॅम तळाशी आहे आणि त्याच्यावर एसटीडीआयओ हेडरमधून आलेल्या शेकडो ओळी आहेत. कंपाइलर जे वाचतो ते हे. एस असलेली उघडली की तुमच्या मशिनची असेंब्ली दिसते. सगळी कळली नाही तरी फंक्शनची नावं ओळखू येतात.

आता प्रोग्रॅमचे दोन भाग करा. गणित.सी मध्ये एक फंक्शन, गणित.एच मध्ये त्याची फक्त ओळख, आणि मेन.सी मधून त्याचा वापर. प्रत्येक फाइल वेगळी कंपाइल करायची, -सी म्हणजे «लिंक करू नकोस, इथेच थांब»:

    जीसीसी -डब्ल्यूऑल -जी -सी मेन.सी
    जीसीसी -डब्ल्यूऑल -जी -सी गणित.सी
    जीसीसी मेन.ओ गणित.ओ -ओ मेन

मुद्दाम एक चूक करा. शेवटच्या कमांडमधून गणित.ओ काढून टाका. «अनडिफाइन्ड रेफरन्स टू» आणि पुढे तुमच्या फंक्शनचं नाव येईल. तळाशी «एलडी रिटर्न्ड १ एक्झिट स्टेटस» असेल. एलडी हे लिंकरचं नाव. ही एरर दिसली की सोर्स कोडमधला अर्धविराम शोधत बसू नका, वाक्यरचना केव्हाच पास झालेली आहे. लिंकर म्हणतोय: कुणीतरी हे फंक्शन मागतंय, पण तुम्ही माझ्या हातात दिलेल्या फाइलींत ते कुठेच नाही. कारणं मोजकीच: फाइल द्यायची राहिली, लायब्ररी द्यायची राहिली, किंवा नावाच्या स्पेलिंगमध्ये फरक आहे.

याच्या उलट तक्रार म्हणजे «मल्टिपल डेफिनिशन». एकच गोष्ट दोन ऑब्जेक्ट फाइलींत सापडली. बहुधा हेडरमध्ये व्हेरिएबल एक्स्टर्नशिवाय लिहिलेलं असतं आणि ते हेडर घेणाऱ्या प्रत्येक फाइलमध्ये त्याची एकेक प्रत होते. जुना, वर्षानुवर्षं नीट कंपाइल होणारा प्रोजेक्ट नव्या मशिनवर याच एररने पडला तर कारण पुष्कळदा हे असतं: २०२० मध्ये आलेल्या जीसीसी १० पासून अशा प्रती गुपचूप एकत्र करणं बंद झालं. कंपाइलरला -एफकॉमन दिलं की जुनी वागणूक परत मिळते. तात्पुरतं काम भागतं, पण खरी दुरुस्ती हेडरमध्ये एक्स्टर्न लिहिणं हीच. तसंच २०२४ च्या जीसीसी १४ पासून सी भाषेत ओळख न देता फंक्शन वापरणं ही वॉर्निंग राहिली नाही, एरर झाली. जुन्या कोडवर काम करणाऱ्यांनी या दोन आवृत्त्या लक्षात ठेवाव्यात, दिवस वाचतात.

पायरी पाचवी: दुसऱ्याची लायब्ररी

वर्गमूळ काढायला एसक्यूआरटी वापरलं, मॅथ हेडर घेतलं, तरी लिनक्सवर लिंकर म्हणतो की असं फंक्शन नाही. हेडर म्हणजे फक्त ओळखपत्र. खरं फंक्शन गणिताच्या लायब्ररीत आहे आणि ती वेगळी मागावी लागते:

    जीसीसी मेन.ओ गणित.ओ -ओ मेन -एलएम

इथला एल लहान. त्याच्यापुढे आलेल्या नावाला लिंकर स्वतःहून लिब हा उपसर्ग लावतो, म्हणजे एम मागितलं की लिबएम शोधतो. गंमत पाहा: तुम्ही फंक्शनला थेट २.० असा ठरलेला आकडा दिलात तर कंपाइलर उत्तर आधीच काढून ठेवतो, लायब्ररीची गरजच पडत नाही आणि -एलएम न देताही सगळं चालतं. मग आकड्याच्या जागी व्हेरिएबल येतं आणि अचानक एरर सुरू होते. पहिल्यांदा माझी संध्याकाळ यात गेली होती.

लायब्ररीचं नाव शेवटी लिहायचं. लिंकर डावीकडून उजवीकडे वाचत जातो आणि त्या क्षणापर्यंत जे मागितलं गेलंय तेवढंच लायब्ररीतून उचलतो. लायब्ररी आधी लिहिली तर त्या वेळी कुणी काहीच मागितलेलं नसतं, ती रिकाम्या हाताने मागे राहते.

लायब्ररी नेहमीच्या जागी नसेल तर दोन पत्ते द्यावे लागतात. हेडरचं फोल्डर मोठ्या आयने, लायब्ररीचं फोल्डर मोठ्या एलने. लहान एल आणि मोठा आय बऱ्याच फाँटमध्ये हुबेहूब सारखे दिसतात, त्यामुळे कुठूनही कमांड पाहून टाइप करताना डोळ्यांवर विश्वास ठेवू नका, अर्थावर ठेवा: हेडर हवं तिथे आय, लायब्ररी हवी तिथे एल. हे पत्ते स्वतः शोधायचीही गरज नसते, पीकेजी-कॉन्फिगला लायब्ररीचं नाव देऊन --सीफ्लॅग्ज आणि --लिब्ज मागितलं की तो अख्खी ओळ तयार करून देतो.

«नो सच फाइल ऑर डिरेक्टरी» ही तक्रार हेडरच्या नावासोबत आली तर बोलतोय प्रीप्रोसेसर. लायब्ररी मशिनवर असूनही असं होऊ शकतं, कारण लिनक्सच्या बहुतेक वितरणांत हेडर वेगळ्या पॅकेजात ठेवलेली असतात. डेबियन घराण्यात त्या पॅकेजच्या नावाच्या शेवटी डेव्ह असतं, फेडोराकडे डेव्हेल.

आणि सगळं कंपाइल झालं, लिंक झालं, पण चालवताना «एरर व्हाइल लोडिंग शेअर्ड लायब्ररीज» आलं, तर आता लोडर बोलतोय. लिंकरला लायब्ररी सापडली होती, प्रोग्रॅम सुरू करणाऱ्याला सापडत नाही. एलडीडी या कमांडला तुमच्या प्रोग्रॅमचं नाव द्या, कोणती लायब्ररी कुठून येतेय आणि कोणती «नॉट फाउंड» आहे ते ओळीने दिसतं. मॅकवर हेच काम ओटूल करतो, त्याला मोठा एल द्यावा लागतो.

पायरी सहावी: मेक

दोन फाइली हाताने कंपाइल करता येतात. वीस झाल्या की कोणती बदलली, कोणती पुन्हा कंपाइल करायला हवी, हे डोक्यात राहत नाही. मेक याच दुखण्यातून जन्मला. १९७६ मध्ये बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी तो लिहिला. त्यांच्या एका सहकाऱ्याची सकाळ अशा चुकीमागे वाया गेली होती जी त्याने आधीच सुधारली होती, पण ती फाइल पुन्हा कंपाइल व्हायची राहिली होती.

मेकफाइल नावाची फाइल बनवा, पहिलं अक्षर मोठं:

    मेन: मेन.ओ गणित.ओ
    	जीसीसी मेन.ओ गणित.ओ -ओ मेन
    मेन.ओ: मेन.सी गणित.एच
    	जीसीसी -डब्ल्यूऑल -जी -सी मेन.सी
    गणित.ओ: गणित.सी गणित.एच
    	जीसीसी -डब्ल्यूऑल -जी -सी गणित.सी

विसर्गासारख्या चिन्हाच्या डावीकडे काय बनवायचं, उजवीकडे ते कशावर अवलंबून आहे, खालच्या ओळीत कसं बनवायचं. खालची ओळ टॅबनेच सुरू व्हायला हवी, स्पेस चालत नाहीत. एडिटर टॅबचे स्पेस करत असेल तर «मिसिंग सेपरेटर» येईल. ही मेकची स्वतःची तक्रार.

आता नुसतं मेक टाइप करा. पुन्हा करा, तर सांगेल की सगळं अद्ययावत आहे. गणित.सी बदलून पुन्हा करा, फक्त तेवढंच कंपाइल होईल आणि लिंक होईल. मेक फाइलीच्या आत डोकावत नाही, फक्त बदलल्याची वेळ पाहतो. उजवीकडची फाइल डावीकडच्यापेक्षा नवी असेल तर काम करायचं, एवढाच त्याचा न्याय. म्हणून उजवीकडे हेडर लिहायला विसरलात तर हेडर बदलूनही मेक गप्प बसतो, अर्ध्या ऑब्जेक्ट फाइली जुन्या रचनेवर राहतात आणि प्रोग्रॅम भलत्याच जागी कोसळतो. असं विचित्र काही दिसलं तर मोठ्या बी चा पर्याय देऊन सगळं नव्याने बनवा. त्याने कोसळणं थांबलं तर चूक मेकफाइलमध्ये आहे. कायमचा उपाय म्हणजे जीसीसीला -एमएमडी देणं, तिन्ही अक्षरं मोठी. हेडरची यादी तो स्वतःच लिहून ठेवतो, ती मेकफाइलमध्ये इन्क्लूड करून घ्यायची.

मेकचे दोन पर्याय रोज लागतात. -एन दिलं की काहीही न चालवता कोणत्या कमांड चालवणार ते छापतो. अनोळखी प्रोजेक्टमध्ये मी हेच आधी करतो. -जे पुढे आकडा दिला की तितकी कामं एकदम चालतात. आकडा न देता -जे वापरू नका, तो वाटेल तितकी कामं सुरू करतो आणि मेमरी संपते. कंपाइलरच्या ओळीत «किल्ड» असा शब्द दिसला तर बहुतेक वेळा तेच झालेलं असतं, आकडा कमी करा.

तीन तारका आणि «एरर १» ही मेकची शेवटची ओळ वाचून तिचाच शोध घेत बसणारे खूप पाहिलेत. तिच्यात कारण नसतं. मेक फक्त कळवतो की मी ज्याला काम दिलं तो अयशस्वी झाला. कारण वर आहे. -जे मुळे ओळी एकमेकांत मिसळल्या असतील तर -जे काढून एकदा चालवा, खरी एरर तळाशी एकटी उभी राहील.

पायरी सातवी: अनोळखी प्रोजेक्ट

फोल्डर उघडल्यावर आधी रीडमी वाचा, मग फाइलींची नावं पाहा. कोणतं हत्यार वापरायचं ते नावांवरूनच कळतं.

कॉन्फिगर नावाची स्क्रिप्ट असेल तर:

    ./कॉन्फिगर --प्रीफिक्स=$होम/.लोकल
    मेक -जे४
    मेक इन्स्टॉल

कॉन्फिगर तुमच्या मशिनवर काय आहे, काय नाही ते तपासतो आणि मेकफाइल लिहितो. तो अडला तर पडद्यावरची ओळ मोघम असते. खरी हकीकत कॉन्फिग.लॉग मध्ये असते, त्यात कोणता छोटा प्रोग्रॅम कंपाइल करून पाहिला आणि तो का पडला हे सगळं असतं. प्रीफिक्स दिलं नाही तर प्रोग्रॅम यूझर-लोकल फोल्डरात जातो आणि सुडो लागतो. स्वतःच्या घरच्या फोल्डरात बसवणं शहाणपणाचं, कारण पुष्कळ प्रोजेक्टांत काढून टाकायची सोय नीट नसते. होम हा शब्द इथे मोठ्या अक्षरांत. कंपाइल करायला सुडो कधीच लागत नाही. «सुडो मेक» सांगितलेलं दिसलं तर थांबा. ते केल्यावर ऑब्जेक्ट फाइली रूटच्या (ॲडमिनच्या) मालकीच्या होतात आणि पुढच्या वेळी तुमचा साधा मेक परवानगीअभावी अडतो.

सीमेकलिस्ट्स.टीएक्सटी असेल तर:

    सीमेक -एस . -बी बिल्ड -डीसीमेक_बिल्ड_टाइप=रिलीज
    सीमेक --बिल्ड बिल्ड

एस, बी आणि डी मोठे, डीच्या पुढचं व्हेरिएबलचं नाव सगळं मोठं, रिलीजचा फक्त आर मोठा. सीमेक स्वतः काहीही कंपाइल करत नाही, तो मेक किंवा निन्जासाठी (मेकसारखंच दुसरं हत्यार) फाइली लिहितो. म्हणून तक्रार पहिल्या कमांडला आली तर बोलतोय सीमेक, बहुधा एखादी लायब्ररी सापडली नाही म्हणून. दुसऱ्या कमांडला आली तर वरचेच कंपाइलर नि लिंकर. सगळं बिल्ड फोल्डरात घडतं, त्यामुळे सोर्स स्वच्छ राहतो. सीमेक एकदा शोधलेलं जपून ठेवतो. लायब्ररी नंतर बसवूनही तो «नाही» म्हणत असेल तर बिल्ड फोल्डर अख्खं उडवा आणि पुन्हा सुरू करा.

मेसन.बिल्ड असेल तर «मेसन सेटअप बिल्ड» आणि मग «निन्जा -सी बिल्ड», इथला सी मोठा. कार्गो.टॉमल म्हणजे रस्ट: «कार्गो बिल्ड», वेग हवा तर --रिलीज. गो.मॉड म्हणजे गो: «गो बिल्ड». या दोघांनी लायब्ररी आणण्याचं कामही स्वतःकडे घेतलंय, त्यामुळे इथे फारसं अडत नाही.

जावामध्ये लिंकरचा वेगळा टप्पा नाही, म्हणून लिंकरच्या तक्रारी वेगळ्या वेषात येतात. जावासी कंपाइल करतो, जावा चालवतो:

    जावासी -डी आउट सोर्स/*.जावा
    जावा -सीपी आउट मेन

चालवताना क्लासचं नाव द्यायचं, फाइलचं नाही, आणि ते सोर्समध्ये जसं आहे तसंच, एमसकट मोठ्या अक्षराने. क्लास एखाद्या पॅकेजमध्ये असेल तर पॅकेजसकट पूर्ण नाव. «कॅनॉट फाइंड सिंबॉल» म्हणतो तो जावासी. «नोक्लासडेफफाउंडएरर» म्हणतो तो चालवणारा, अर्थ असा की कंपाइल करताना जे होतं ते आता क्लासपाथमध्ये, म्हणजे जावा जिथे क्लास शोधतो त्या जागांच्या यादीत, नाही. क्लासपाथमध्ये एकाहून जास्त जागा असतील तर लिनक्स आणि मॅकवर मधे दोन टिंबांचं चिन्ह, विंडोजवर अर्धविराम. एकाच फाइलचा प्रोग्रॅम असेल तर जावा ११ पासून जावासी न वापरता थेट «जावा मेन.जावा» केलं तरी चालतं. मोठ्या प्रोजेक्टमध्ये ग्रेडलडब्ल्यू नावाची स्क्रिप्ट असेल तर तीच वापरा, ती त्या प्रोजेक्टला जुळणारी ग्रेडलची आवृत्ती स्वतः उतरवते. पॉम.एक्सएमएल असेल तर मेव्हन. ग्रेडल आणि मेव्हन ही दोन्ही जावाच्या जगातली मेकसारखी हत्यारं.

पायरी आठवी: तुमचा स्वतःचा प्रोजेक्ट दुसऱ्याच्या मशिनवर

तुमच्या कमांड रीडमीमध्ये लिहा, क्रमाने, कोणती पॅकेजं आधी बसवायची तेही. मग त्या खऱ्या आहेत का ते तपासा. तुमच्या कामाच्या फोल्डरात तपासून उपयोग नाही, तिथे जुन्या ऑब्जेक्ट फाइली आणि गिटमध्ये न टाकलेल्या फाइली पडलेल्या असतात. टेंप फोल्डरात नवी प्रत काढा आणि रीडमीतल्या ओळी अक्षरशः तिथून उचलून चालवा:

    गिट क्लोन ~/प्रोजेक्ट /टेंप/तपासणी
    सीडी /टेंप/तपासणी
    मेक

टेंप फोल्डरच्या रोमन नावात ई नाही, तीनच अक्षरं आहेत. पहिल्या खेपेला इथे गणित.एच सापडत नाही अशी तक्रार हमखास येते. मेक बोलतोय, कारण मेकफाइलमध्ये ती फाइल उजवीकडे लिहिलेली आहे, आणि त्याचं म्हणणं खरं आहे: ती फाइल गिटमध्ये टाकायची राहिली होती. ती टाका, कमिट करा, टेंपमधलं फोल्डर पुसा आणि पुन्हा क्लोन करा.